फोटोत बाबाही हवेत! घरच्या घरी बनवा कॅमेऱ्याचा रिमोट

तुमच्या घरातला जुना अल्बम काढा आणि एक साधी गोष्ट बघा. सहलींच्या, लग्नांच्या, वाढदिवसांच्या फोटोंमध्ये कोण नाहीये? आमच्या घरी उत्तर एकच: बाबा. मी शाळेत असताना आम्ही काशीयात्रा केली होती. त्या अल्बममध्ये आई आहे, आजी आहे, मी आहे, दुर्गाघाटावर राहणारी आत्या आहे, अगदी घाटावरची एक गायही तीन फोटोंत आहे. बाबा फक्त एका फोटोत आहेत. तो नावाड्याने काढला होता आणि त्यात बाबांच्या निम्म्या चेहऱ्यावर नावाड्याचा अंगठा आलाय.

गेल्या कार्तिकात आम्ही पुन्हा बनारसला गेलो. आजीची इच्छा होती, आणि आता पुढच्या वेळेचं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून मी ठरवलं होतं की या वेळी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचाच, बाबांसकट.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, सेल्फ टायमर लावायचा! पहिल्या संध्याकाळी आम्हीही तेच केलं. बाबांनी त्यांचा जुना निकॉन डी५३०० ट्रायपॉडवर लावला, बटण दाबलं आणि दहा सेकंदांत आमच्याजवळ येऊन बसायला निघाले. काशीचे घाट ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत असेल, तिथल्या पायऱ्या उंच असतात आणि खालच्या ओल्या, गुळगुळीत. बाबांचा पाय घसरला. नशीब, मागे उभ्या असलेल्या एका मुलाने धरलं. कॅमेऱ्याने मात्र आपलं काम चोख केलं: फोटोत आम्ही सगळे तोंडाचा आ करून उजवीकडे बघतोय आणि कोपऱ्यात बाबांचा एक हात आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालेल्या माणसाला पुन्हा असं पळवायचं नाही, हे त्याच रात्री ठरलं. बाजारात रिमोट मिळतो, पण बनारसच्या गल्ल्यांत तो शोधत फिरायला वेळ नव्हता. मग आतेभाऊ म्हणाला, "ताई, घरीच बनवू की. आत कायपण नसतं."

मी बीए इंग्रजी. शेक्सपिअरबद्दल विचारा, सांगेन. सोल्डरिंग गन मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली (आणि चुकीच्या टोकाला धरता धरता वाचले). तरीही रिमोट झाला. म्हणून हा लेख.

आधी कॅमेरा तपासा

हे सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक कॅमेऱ्याला इन्फ्रारेड रिमोट समजत नाही. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, पकडीजवळ, एक छोटीशी काळपट-तांबडी चकचकीत खिडकी दिसते का बघा. निकॉनच्या डी३२००, डी५१००, डी५३००, डी७००० या मॉडेल्सना ती सोय आहे, डी३१००ला नाही. कॅननच्या ६००डी, ७००डी, ६०डीला आहे. पण आपल्याकडे खूप घरांत असलेल्या १२००डी, १३००डी आणि १५००डीला नाही. अलीकडचे बरेच कॅमेरे ब्लूटूथवर चालतात. त्यांच्यासाठी कंपनीचं मोबाइल ॲप वापरा, हा खटाटोप करू नका.

आणखी एक प्रामाणिक सल्ला. तुमच्या मोबाइलच्या वरच्या कडेला टीव्ही चालवायचा इन्फ्रारेड दिवा असेल, तर कॅमेऱ्याचं रिमोट ॲप उतरवून घ्या आणि सुखाने फोटो काढा. आमच्या सहा जणांच्या घरात तसा एकही मोबाइल निघाला नाही.

न दिसणारा दिवा

इन्फ्रारेड म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने, ज्याने त्याआधी युरेनस शोधला होता, सूर्यप्रकाश लोलकातून पाडून प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. तोच हा प्रकाश. आज आपण त्याच्यावर मालिका बदलतो.

आपल्याला तो दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा दिसतो. आत्ता करून बघा: मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकेल. (मागच्या कॅमेऱ्यात कधी कधी दिसत नाही, कारण त्यात इन्फ्रारेड अडवणारी गाळणी चांगली असते.) आजीला हे दाखवलं तर तिने घरातले चारही रिमोट तपासले आणि त्यातला एक "मेलेला" नसून त्याचे फक्त सेल गेलेत, हे शोधून काढलं.

खरोखर मेलेला एक रिमोटही आत्याकडे होता. त्याचा दिवा आम्ही काढून घेतला. तुम्हाला नवा घ्यायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात "९४० नॅनोमीटरचा आयआर एलईडी" मागा, पाच-दहा रुपयांत मिळतो.

आता प्रश्न असा की सूर्य, बल्ब, पेटती उदबत्ती, अगदी आपलं अंगसुद्धा इन्फ्रारेड सोडत असतं. दशाश्वमेध घाटावर आरतीच्या मोठमोठ्या दीपमाळा फिरतात, त्यांतून तर किती! मग त्यांनी कॅमेरा आपोआप का चालू होत नाही? कारण कॅमेऱ्याला नुसता उजेड नको असतो, विशिष्ट वेगाने लुकलुकणारा उजेड हवा असतो. निकॉनसाठी सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा, कॅननसाठी ३३ हजारांच्या आसपास. एवढ्या वेगाने ना दिवा थरथरतो ना आरतीची ज्योत.

आणि त्या लुकलुकण्यातही एक खूण असते. लहानपणी टॉर्च लावून-विझवून इशारे केलेत ना, तसं. निकॉनची खूण अशी: २००० मायक्रोसेकंद लुकलुक, २७,८३० मायक्रोसेकंद अंधार, मग ४०० लुकलुक, १५८० अंधार, ४०० लुकलुक, ३५८० अंधार, शेवटी ४०० लुकलुक. साधारण ६३ हजार मायक्रोसेकंद थांबायचं आणि सगळं पुन्हा एकदा. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. म्हणजे दोन्ही खेपा धरून हा सगळा कारभार एका सेकंदाच्या सातव्या भागात आटोपतो.

कॅननचं तर याहून सोपं. सोळा वेळा लुकलुक, मध्ये ७३३० मायक्रोसेकंद अंधार, परत सोळा वेळा लुकलुक, की फोटो निघतो. मधला अंधार ५३६० केला तर कॅमेरा दोन सेकंद थांबून फोटो काढतो. बस्स, एवढाच फरक! हजारो रुपयांचं ते यंत्र मधल्या शांततेची लांबी मोजून ठरवतं की तुम्हाला आत्ता फोटो हवाय की जरा वेळाने. मला हे इतकं आवडलं की मी ते रात्री आईला झोपेतून उठवून सांगितलं. तिला तितकंसं आवडलं नाही.

सामान आणि जोडणी

या खुणा वेळेत देण्यासाठी एक छोटा मेंदू लागतो. आम्ही आर्डुइनो नॅनो वापरला, आतेभावाच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेला. बोटाएवढा असतो, त्याच्यासारखे स्वस्त बोर्ड दोन-अडीचशे रुपयांपासून मिळतात. बाकी सामान: आयआर एलईडी, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहम आणि ४७ ओहमचे दोन रेझिस्टर, एक पुश बटण, तीन पेन्सिल सेलचं होल्डर आणि थोडी वायर. डबी म्हणून आजीची प्रवासातली साबणाची डबी. तिने ती दिली, पण साबण आता कशात ठेवायचा, हा प्रश्न पुढचे चार दिवस रोज विचारला.

दिवा थेट नॅनोला जोडला तरी चालतो (२२० ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून), पण उजेड कमी पडतो. आमचा तसा जोडलेला रिमोट दोन मीटरच्या पुढे गप्प. म्हणून ट्रान्झिस्टर. तो नळाच्या चावीसारखा आहे असं समजा: नॅनो फक्त चावी फिरवतो, जोराचा प्रवाह थेट सेलमधून येतो.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून पहिला पाय कलेक्टर, मधला बेस, उजवा एमिटर. नॅनोच्या १२ नंबरच्या पिनपासून १ किलोओहम रेझिस्टरमधून बेसला जोडा. एमिटर ग्राउंडला. एलईडीचा लांब पाय ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला आणि आखूड पाय कलेक्टरला. जुन्या रिमोटमधून काढलेल्या दिव्याचे पाय सारखेच कापलेले असतात, तेव्हा उलटा लागला तर घाबरू नका, फिरवून लावा. बटणाचं एक टोक २ नंबरच्या पिनला, दुसरं ग्राउंडला. सेलची अधिक बाजू ५ व्होल्टच्या पिनला, उणे बाजू ग्राउंडला. मात्र सेल जोडलेले असताना कॉम्प्युटरची केबल लावू नका; आधी प्रोग्रॅम घाला, केबल काढा, मग सेल.

सेलऐवजी पॉवर बँक वापरायचा मोह होईल. आम्हालाही झाला. पण हे सर्किट इतकी कमी वीज घेतं की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात स्वतःच बंद होतात. लहान मुलं मदतीला असतील तर तारा सोलू द्या, पण डाग देण्याचं काम मोठ्यांनी करावं. ते टोक तव्यापेक्षा कितीतरी तापतं.

मधल्या तीन मायक्रोसेकंदांची गोष्ट

प्रोग्रॅम सोपा आहे: बटण दाबलं की वरची खूण पाठव. नेटवर "मल्टी कॅमेरा आयआर कंट्रोल" नावाची तयार लायब्ररी मिळते, तिच्यात निकॉन, कॅनन, सोनी, ऑलिम्पस, पेंटॅक्स अशा कंपन्यांच्या खुणा आधीच लिहिलेल्या आहेत. ती वापरली तर दहा मिनिटांत काम होतं. आम्ही शहाणे, आम्ही स्वतः लिहिला.

हिशोब सरळ होता. सेकंदाला ३८ हजार वेळा म्हणजे एका लुकलुकीला साधारण २६ मायक्रोसेकंद. त्यातले १३ चालू, १३ बंद. तसं लिहिलं, बटण दाबलं, मोबाइलमध्ये जांभळा ठिपका दिसला. कॅमेरा ढिम्म. तारा तपासल्या, दिवा बदलला, सेल बदलले. रात्री साडेअकरा वाजता आत्या येऊन म्हणाली, "अगं, सकाळी पाचला उठायचंय, झोपा आता. भैरवनाथ करतील नीट." काशीचा कोतवाल कालभैरव, आत्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. सगळ्या तक्रारी तिकडेच जातात.

चूक सापडली ती झोपायला गेल्यावर. दिवा लाव, दिवा विझव, एवढं सांगायलाही नॅनोला वेळ लागतो, प्रत्येक वेळी तीन-चार मायक्रोसेकंद. आम्ही तो धरलाच नव्हता. त्यामुळे आमचा दिवा १३ ऐवजी १६ मायक्रोसेकंद चालू, १६ बंद असा चालला होता, म्हणजे सेकंदाला ३१ हजारच्या आसपास. कॅमेऱ्याच्या दृष्टीने आम्ही बेसूर गात होतो. आतेभावाने उठून १३ चे १० केले. खोलीच्या अंधारात "खटॅक" आवाज झाला आणि फ्लॅश उडाला. बाबांचा झोपेतला फोटो निघाला. सहलीतला त्यांचा पहिला!

निकॉनमध्ये आधी रिलीज मोडमध्ये जाऊन रिमोट निवडावा लागतो. कॅननला सेल्फ टायमर किंवा रिमोटचा मोड लावा. डी५३००वर रिमोटची वाट बघण्याची मुदत मुळात एक मिनिट असते, ती मेन्यूतून पंधरा मिनिटांपर्यंत वाढवता येते. वाढवाच. सहा माणसं एका जागी बसवायला एक मिनिट कुणालाच पुरत नाही. फोकस आधी करून घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका, नाहीतर ऐन वेळी कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि फोटो काढतच नाही. निकॉनला दोन सेकंद थांबायचंय की नाही हे कॅमेऱ्यातच ठरवायचं असतं. तो उशिराचा मोड घ्या, म्हणजे बटण दाबलेला हात खाली करायला वेळ मिळतो.

सूर्य आडवा येतो तेव्हा

पहाटे आम्ही सगळे घाटावर. मागे गंगा, मागे उगवता सूर्य, पुढे आम्ही, अशी माझ्या मनातली चौकट. कॅमेरा वरच्या पायरीवर ठेवला, नदीकडे तोंड करून. सूर्य वर आला आणि रिमोट बंद पडला. रात्री पाच मीटरवरून चालणारा रिमोट आता हात लांब करून कॅमेऱ्याच्या नाकाजवळ नेला तरच ऐकत होता.

कारण वर सांगितलेलंच आहे. सूर्य भरभरून इन्फ्रारेड सोडतो. तो लुकलुकत नाही, त्यामुळे कॅमेरा चुकून चालू होत नाही हे खरं, पण भर लग्नाच्या बँडमध्ये कुणी कानाशी कुजबुजलं तर जे होतं ते इथे होतं. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून. म्हणून सकाळी नदीकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या त्या छोट्या खिडकीत ऊन थेट घुसतं.

उपाय आजीने सुचवला, अर्थात इन्फ्रारेडचा विचार करून नाही. "मला मेलं उन्हाकडे पाठ करून गंगेकडेही पाठ करायची? गंगेला नमस्कार करतानाचा काढा की." मग आम्ही जागा बदलल्या. आम्ही पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून, कॅमेरा खालच्या चौथऱ्यावर आमच्याकडे बघत. आता सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे, खिडकी सावलीत, आणि रिमोट पहिल्या दाबाला चालला. ऊन आमच्या डोळ्यांवर होतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे बारीक झालेत, पण अगदी पहाटेचं ऊन सोसवतं. दुपारनंतर सूर्य शहराच्या मागे जातो आणि घाटांवर सावली येते, तेव्हा तर कुठूनही फोटो काढा.

तुम्ही काशीला जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाइल, कॅमेरा, कसलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू आत नेता येत नाही. आणि तारा, सेल, बटण असलेली घरगुती डबी तपासणीच्या रांगेत पिशवीतून निघाली तर काय काय खुलासे करावे लागतील, विचार करा. ती घरीच ठेवून जा. आत्याने आमची डबी तांदळाच्या डब्यावर ठेवून घेतली होती. आणि मणिकर्णिका व हरिश्चंद्र घाटांवर कॅमेरा काढू नका. तिथे कुणाचं तरी माणूस शेवटचं जात असतं.

त्या सकाळी रिमोट आजीच्या हातात दिला. एकदा तिला कळलं की बटण दाबलं की खटॅक होतं, मग ती थांबेना. मागून नाव गेली, दाब. आत्याने पदर सावरला, दाब. बाबा तिच्या हातातली डबी घ्यायला वाकले, तेव्हाही दाब. घरी येऊन मोजले, त्रेपन्न फोटो निघाले. त्यांतल्या एकोणपन्नास फोटोंत बाबा आहेत, आणि बहुतेक सगळ्यांत ते कॅमेऱ्याकडे न बघता आजीच्या हाताकडे बघतायत.

परत येताना डबी आत्याकडेच ठेवून आलो. ती आता टीव्हीच्या रिमोटशेजारी असते, आणि काका रोज एकदा तरी ती टीव्हीकडे रोखून बातम्या लावायचा प्रयत्न करतात.